पाण्याच्या नळीतलं उत्तर

स्फाक्स या बंदरगावातल्या त्या प्रयोगशाळेत मेंदूचं काम अंधारात चाले. उंदरांच्या मेंदूत नायट्रिक ऑक्साइड हा वायू वाहून नेणारे रेणू इतके नाजूक, की उजेड लागला की फुटतात. म्हणून खिडक्यांना काळा कागद आणि वर एक मिणमिणता लाल दिवा. नळ्या भरायचं काम मब्रूकाचं. यंत्र त्या रेणूंतला वायू सोडवून मोजी आणि पडद्यावर रेघ उसळे. शेवटची नळी नुसत्या पाण्याची. तिथे रेघ सपाटच राहायला हवी.

मब्रूकाच्या हातची राहत नव्हती.

सोबत काम करणाऱ्या सलवाची पाचावर धारण बसली. "मावशी, पाण्यात कोण बसलंय हो?"

"बसलं असेल कुणी," म्हणत मब्रूका गालात हसली. ते हसू बघून सलवा दाराकडे सरकली.

मब्रूकाला ठाऊक होतं कोण ते. तिचा मुलगा लज्हर होडीतून इटलीला निघाला, तो परत दिसलाच नाही. प्रेतही मिळालं नाही. शेजारणी सांत्वनाला आल्या तेव्हा हिने दारच लावून घेतलं. "माझा पोरगा जिवंत आहे. कुणाच्या नावानं रडता गं?" रोज ती शेवटच्या नळीवर वाकून त्याच्यासाठी दुआ पुटपुटे आणि लहानपणी त्याच्या कपाळावर घाली तशी हलकी फुंकर घाली. आणि पाणी उत्तर देई! आईच्या जिवाला आणखी काय हवं?

एकदा प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, डॉक्टर तिजानींनी, ते पाहिलं.

"मावशी, नळीत फुंकता?"

"पाण्याच्याच हो. मेंदूच्या नळ्यांत नाही."

"अहो, फुंकरीबरोबर थुंकी उडते. तिच्यात जे असतं ना, त्यातूनही यंत्र तोच वायू काढतं. ती रेघ तुमच्या तोंडची."

"म्हणजे दुसरं कुणी नसतं?"

"कोण असणार?"

दुसऱ्या दिवशी मब्रूकाने तोंडाला पट्टी बांधली. दुआ मनातच म्हटली. मेंदूच्या रेघा उसळल्या, मग पाण्याची पाळी आली. रेघ सपाट.

"थांबा जरा," मब्रूका म्हणाली. "येईल."

त्या लाल अंधारात डॉक्टरांसकट तिघंही थांबली. रेघ सपाटच सरकत राहिली.

सलवाचा जीव भांड्यात पडला. "गेलं बाई तुमचं भूत!"

"गेला," मब्रूका म्हणाली. तिने पट्टी सोडली आणि डोळे पुसले. "शुक्रवारी या दोघं घरी. लज्हरच्या नावानं जेवण घालते, कुसकुस रांधते. शेजारणींनाही सांगते, दार उघडं आहे म्हणून."