न झालेले अध्यक्ष

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत, नव्वद सालाच्या आसपास, अध्यक्ष निवडायची जी पद्धत होती ती मला आजही पटलेली नाही. सगळ्या बिऱ्हाडांनी चिठ्ठ्या टाकून सात जणांची कमिटी निवडायची आणि त्या सातांनी आपल्यातलाच एक अध्यक्ष करायचा. आम्ही कुणाला जास्त मतं दिली याला तिथे काडीची किंमत नाही. एकाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, की झालं.

त्या वर्षी सगळ्यांत जास्त मतं आमच्या ह्यांना पडली. जिन्यात लोक आधीच 'काय अध्यक्ष' म्हणायला लागले. ह्यांनी मुंबईची नोकरी मुदतीआधी सोडली होती आणि घरात नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या. पंप बंद पडला की खाली, चालू झाला तरी खाली. कुणीतरी आपल्याला विचारावं, एवढ्यासाठी माणूस तळमळत होता. अध्यक्षपद त्यांना मनापासून हवं होतं, पण तसं कबूल करतील तर शपथ.

कमिटीची पहिली बैठक आमच्याच हॉलमध्ये होती. मी पोहे केले, ते निवले, पुन्हा गरम केले. स्वयंपाकघराच्या पडद्याआड माझा पाय ठरत नव्हता, कारण मला ह्यांची खोड ठाऊक होती. पंगतीत जिलबी आली की हे ताटावर हात आडवा धरणार, आणि दोनदा आग्रह झाला की मग चार खाणार. आमच्याकडे सगळे असेच. विचारल्याबरोबर हो म्हणणं म्हणजे हावरटपणा.

बँकेत असलेल्या शेजाऱ्यांनी ह्यांचं नाव सुचवलं. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात हे म्हणाले, "छे छे, मला नको. दुसरं कुणी तरुण बघा."

कमिटीत तळमजल्यावरचे एक उरणचे गृहस्थही होते, बंदरात नोकरी करणारे, कोळ्यांच्या घरचे. ह्यांना फार मानायचे. ह्यांच्यासाठी मतं मागत घरोघर तेच फिरले होते. आता आग्रह करतील तर हेच, म्हणून मी कान टवकारले.

"साहेब नको बोलले ना, मंग जबरदस्ती नाय करायची," ते म्हणाले. "मानसाच्या शब्दाला मान हाय का नाय?"

त्यांच्या मनात काडीचं कपट नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. त्यांनी लगेच बँकवाल्यांचं नाव सुचवलं. अनुमोदन कोण देणार, म्हणून सगळे एकमेकांकडे बघत बसले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर हात ह्यांनीच वर केलेला.

टाळ्या झाल्या. नव्या अध्यक्षांच्या बशीत मी खोबरं घातलं नाही, एवढंच काय ते माझ्या हातात होतं.

मंडळी गेल्यावर हे खुर्च्या भिंतीला लावत राहिले. लावलेल्या खुर्च्या पुन्हा हलवून लावल्या. मला राहवेना. हवं होतं तर नको कशाला म्हणालात, असं मी फणकाऱ्याने विचारलं.

"वाटलं, एकदा तरी कुणी म्हणेल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू बाहेर आली होतीस की. तू तरी म्हणायचंस."

"मला कुठे मत होतं?"

"मत कुणी मागितलं होतं?"