डिकीत राहिलेला कान

आमच्या गल्लीतल्या डेंटरला सगळे ठोक्या म्हणतात. गाडीचं चेपलेलं दार त्याच्या हाती द्या. संध्याकाळी कुठे चेपलं होतं ते तुम्हालाच सापडणार नाही. पण दिवसभर हातोड्याच्या वर आवाज चढवून चढवून त्याचं असं झालंय, की साधं "पाणी दे" म्हणाला तरी पलीकडच्या दुकानदाराला वाटतं भांडण पेटलं.

त्याच्या पोरीला, ठिणगीला, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ऑपरेशन करून कॉक्लिअर बसवलं, तेव्हापासून तिचा कान दोन ठिकाणी असतो. अर्धा डोक्याच्या आत, अर्धा बाहेर. बाहेरचा म्हणजे कानामागे अडकवायचं यंत्र, त्याची वायर आणि टोकाला लोहचुंबकाची चकती. चकती डोक्याला चिकटली की ऐकू येतं. काढली की चिडीचूप.

लोक विचारतात, "आता बरी झाली का हो?" माझं टाळकंच फिरतं. आजारी कधी होती? विचारायचंच तर तिलाच विचारा ना, मजेत आहेस का म्हणून!

एका संध्याकाळी मी कॉक्लिअरवाल्या मुलांच्या आमच्या पालकसभेचा निरोप द्यायला गॅरेजात गेले होते. ठिणगीच्या शाळेच्या मोठ्या बाई, तिच्या वर्गालाही त्याच शिकवतात, आपली गाडी न्यायला आलेल्या. ठोक्या दुसऱ्या गाडीवर ठोकता ठोकताच बोलत होता आणि बाई दोन्ही कानांत बोटं घालून उभ्या.

"तुमची मुलगी वर्गात मधूनच यंत्र काढून ठेवते," बाई ओरडल्या. "असंच चालणार असेल तर तिला वेगळ्या शाळेत घाला. उद्या सकाळी येऊन काय ते सांगा."

"माझी पोर? छे! झोपेतच काय ती काढते, मॅडम!"

बाई गाडी घेऊन गेल्या. ठोक्या माझ्याकडे वळला. "कसं सांगितलं, ताई?"

तो मागे गेला. ठिणगी जुन्या टायरवर बसून चित्र काढत होती. डोक्यावर काही नाही.

"चकती कुठंय?" तो ओरडला. आता हिला ऐकू येत असतं तर चकती डोक्यावर नसती का? पण हा आणखी जोरात ओरडला. ठिणगीने त्याचे ओठ वाचले, बाईंच्या गाडीच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं आणि हाताने झाकण लावल्याची खूण केली.

गॅरेजात जो पत्रा मोकळा दिसेल त्याला ती चकती चिकटवून ठेवायची. आज नेमकी डिकीची आतली बाजू सापडली होती.

सकाळी मीही बापलेकीबरोबर गेले. शाळेच्या आवारात बाईंच्या गाडीमागे ठोक्या खिशातून लोखंडी पट्टी काढायला लागला. "ही सरकवली की डिकी उघडते, ताई. बाई आत गेल्या की..."

"पोरीला शाळेत ठेवायचंय, की स्वतःला तुरुंगात?" मी म्हणाले, तेवढ्यात मागून बाईच आल्या.

"काय, डेंट राहिला का?"

"नाही मॅडम, झाकण नीट बसलंय का बघतो."

"बघा की." बाईंनी डिकी उघडली. झाकणाला चिकटलेला ठिणगीचा कान सगळ्यांसमोर हळूच झोके घेत होता.

"झोपेतच काढते, नाही का?"

ठोक्याचा आवाज जन्मात पहिल्यांदा बारीक झाला. "थाप माझी, मॅडम. तिला नका काढू शाळेतून."

माझं भाषण जिभेवर तयार होतं. ठिणगीने ते होऊच दिलं नाही. तिने चकती सोडवली, डोक्याला लावली आणि म्हणाली, "मला विचारा ना! बाबा ठोकतात तेव्हा काढते. वर्गात सगळे एकदम ओरडतात तेव्हा काढते. डोकं भणभणतं. शांत झालं की परत लावते." मग जरा थांबून, "काल तुम्ही कानांत बोटं घातली होती. तुम्हाला कुठल्या शाळेत घालायचं?"

ठोक्याने डोळेच मिटले. बाईंनी हसू दाबत डिकी धाडकन लावली, तर ठिणगी म्हणाली, "हळू!"

"बरं बाई, हळू. वर्गात जा. डोकं भणभणलं की मला खूण कर, मी त्यांना गप्प करते."

"आणि नाही झाले गप्प तर?"

"तर काढ. मी बोटं घालते."

ठोक्याने आता एक भंगारातलं दार साफ करून गॅरेजच्या भिंतीला ठोकलंय. परवा एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, "हे दार विकायचंय का?" ठोक्या असा काही गरजला, की ठिणगी उठली, चकती त्या दाराला चिकटवली आणि पुन्हा टायरवर जाऊन बसली.