शंभराच्या वर, शून्याच्या खाली

रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी व्हॅनकाका तिचं सरकतं दार स्वतः एकदा उघडून एकदा बंद करायचे. दार हट्टी होतं. अर्ध्यात अडायचं. काका त्याला थोपटायचे, "चल राजा, पोरी खोळंबल्यात." मग ते मुकाट्याने सरकायचं.

गाडीचे नियम दोनच. दप्तरं टपावर, आणि पेपर झाल्यावर उत्तरं जुळवायची नाहीत. उत्तरं जुळवली की चौघी हसतात, एक रडते, आणि रडणारीला समजावत घरी पोचवायचं काम काकांच्याच गळ्यात पडतं. म्हणून प्रश्नपत्रिका दप्तरात, दप्तर टपावर, वरून दोरी. ती दोरी मधल्या वाटेत सोडायची नाही म्हणजे नाही.

त्यांची स्वतःची लेक पुढच्या सीटवर बसायची. पहिलीत असताना तिने विचारलं होतं, सगळ्या तुला काका म्हणतात, मग मी काय म्हणू? गाडीत सगळ्या सारख्याच, असं ते सहज बोलून गेले आणि पोरीने तेच धरून ठेवलं. घरात बाबा, गाडीत काका. "काका, आज उशीर केलात हं," असं ती इतक्या गंभीरपणे म्हणायची की ते मिशीत हसायचे.

लेकीचा बारावीचा शेवटचा पेपर रसायनशास्त्राचा होता. सराव परीक्षेत ती याच विषयात आपटली होती, आणि औषधशास्त्राला जायचं तर यात पास होणं भाग होतं. दोन महिने स्वयंपाकघराच्या दारावर मूलद्रव्यांचा तक्ता लटकत होता. चहा पिताना काका तो वाचायचे. कळत काहीच नसे, पण वाचायचे.

पेपर सुटला आणि लेक हसत बाहेर आली. काकांचा जीव भांड्यात पडला. त्या भरात, मागच्या चौघींनी आजच्या दिवस नियम मोडू द्या म्हणून लाडीगोडी लावली तेव्हा ते हो म्हणून बसले.

चौघींतल्या सर्वांत हुशार मुलीला बाकीच्या डॉक्टरीणबाई म्हणत. तिने साखरेच्या पाण्याचं गणित काढलं. शंभर अंशांच्या जरा वर, असं तिचं उत्तर. बाकी तिघींचंही तेच. पुढच्या सीटवरून हळूच आवाज आला की माझं शून्याच्या खाली आलंय.

"पाणी उकळायचं होतं गं," मागून कुणीतरी म्हणालं, "तू बर्फ केलास."

गाडी हसली. लेक हसली नाही. गोठणबिंदूच विचारला होता, ती म्हणाली. छे, उत्कलनबिंदू, चौघींनी एका सुरात सांगितलं. चार जणी एकच सांगू लागल्या की स्वतः वाचलेलंही खोटं वाटायला लागतं. ती बोटांवर गेलेले गुण मोजू लागली. एका हाताची बोटं संपली, तशी थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "गाडी थांबव ना."

गाडीत ती बाबा म्हणाली होती. काकांनी सिग्नल दिला, एका फर्निचरच्या दुकानापुढे गाडी उभी केली आणि टपावर चढले. मघाशी स्वतःच मारलेली गाठ सुटेना, तेव्हा दात लावले. वाकून लेकीचं दप्तर खाली दिलं.

फुटपाथवर पाच डोकी एका प्रश्नपत्रिकेत घुसली. पानाच्या तळाशी उत्कलनबिंदूच होता. चौघींचं बरोबर. लेकीने पान उलटलं. वरच्या टोकाला एकटाच शब्द, किंवा, आणि त्याच्याखाली गोठणबिंदू. चौघींनी पहिलंच गणित सोडवलं होतं, पुढचं पर्यायाचं कोण वाचतंय. डॉक्टरीणबाईने दप्तरावर कागद ठेवून ते करून पाहिलं, पेनाचं टोपण चावलं आणि म्हणाली, "बरोबर आलंय गं तुझं. बर्फाबद्दल सॉरी."

टपावर बसलेल्या काकांना त्यातलं अक्षरही कळलं नाही. लेकीचा चेहरा मात्र कळला. ते मन लावून दोरी गुंडाळत राहिले. ती आधीच गुंडाळलेली होती.

उरलेल्या वाटेत लेक मागे चौघींच्या मध्ये कोंबून बसली आणि प्रश्न पहिल्यापासून पुन्हा सुरू झाले. काकांनी अडवलं नाही. एकेक जण उतरत गेली. घर आलं तशी लेकीने उडी मारली, "येते हं काका," म्हणाली आणि दाराला हात घातला.

"हळू लाव गं," ते म्हणाले, "अडतं ते."