आईची अंघोळ

माझी आई कुणाकडून काही करून घेत नाही. खुब्याच्या हाडाच्या ऑपरेशनला नेताना ती स्ट्रेचरवरून वॉर्डबॉयला सांगत होती, कशाला ढकलायलास बाबा, मी येते की चालत. मी रंगवून सांगत नाही. तिला खरंच खाली उतरायचं होतं.

घरी आणल्यावर वॉकर आला, चार पावलं चालणंही जमायला लागलं. घोडं अडलं ते अंघोळीपाशी. आमच्या न्हाणीची फरशी जुनी, ओली झाली की पाय टिकत नाही. पुन्हा पडल्या तर अंथरुणातून उठणं अवघड, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई मात्र एकटीच आत शिरायची आणि मी बाहेर उभी राहून तांब्याच्या आवाजावरून ती उभी आहे की आडवी, याचा अंदाज बांधायची. मदतीला गेले तर म्हणायची, तू जा, मला लाज वाटती. पोटच्या पोरीची लाज. मला रागही यायचा आणि वाईटही वाटायचं.

मी शिकवते ती शाळा नांदेडला आणि रजा संपत आलेली. तिथलं माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी आईला सांगून टाकलं की एक तर मदतीला बाई ठेवू, नाही तर तू माझ्याबरोबर चल. परभणीची ही गल्ली, दारावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला थांबवून केलेली चौकशी, हे सोडून ती तिसऱ्या मजल्यावर कोमेजून गेली असती, हे मलाही दिसत होतं. तिलाही दिसत असावं, कारण ती लगेच म्हणाली, ठेव बाई. मी खूश झाले. इथंच मी फसले.

पहिली बाई सोनपेठकडची. ती चपला काढते न काढते तोच आईनं विचारलं, गाव कोणचं, माहेर कोणचं, मामा कुठले. पाच मिनिटांत तिची चुलत सासू आणि आमची एक लांबची मावशी एकाच घरात दिलेल्या निघाल्या. संपलं. बाई पाहुणी झाली. आमच्याकडं पाहुणीला काम सांगत नाहीत. आईनं तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः वॉकर टेकत टेकत गॅसपाशी जाऊन चहा टाकला. ती बिचारी उठायला लागली की आई डोळे वटारायची. दुपारी जेवू घातलं, संध्याकाळी कुंकू लावून हातात खण दिला. जाताना बाई मला म्हणाली, "ताई, इतकं सोपं काम म्या कुठंच केलं न्हाई." दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. पाहुणचार घेऊन वर पगार घ्यायचा, हे तिला पटेना.

दुसऱ्या बाईला मी आधीच फोनवर तंबी दिली की गाव सांगायचं नाही. ती पेडगावची, पन्नाशीची, ठणठणीत. आईनं गाव विचारल्यावर तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि सगळं सांगून टाकलं, वर माहेर झरीचं म्हणाली. झरी हे आईचं माहेर. मी कपाळावर हात मारला. आता तर ती पाहुणीसुद्धा राहिली नाही, माहेरची लेक झाली, आणि माहेरच्या लेकीनं तर आपल्याकडं येऊन नुसतं लोळायचं असतं. दोन दिवस ती लोळली. आईनं तिला धपाटे करून घातले. मी दोघींची उष्टी ताटं उचलत मनातल्या मनात नांदेडचे तीन जिने मोजत होते.

तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता बाई म्हणाली, "आत्या, झरीला अजून बाया सांगतात, तुमी न्हाऊ घातलेल्या बाळंतिणीची कंबर कधी दुखली न्हाई. मला बाळंतिणीची कामं मिळायलीत, पण धड शिकवलं न्हाई कुणी. दाखवता का?"

हे खरंच होतं. झरीतल्याच काय, या गल्लीतल्याही निम्म्या बायकांना बाळंतपणात आईनंच तेल लावून न्हाऊ घातलंय. आईचा चेहरा उजळला. दाखवायचं कुणावर, म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं. मी दोन पावलं मागं सरकले.

"राहू दे," आई म्हणाली. "चल, माझ्यावरच दाखवते."

न्हाणीत प्लास्टिकची खुर्ची गेली, तेल कोमट झालं, पाणी तापलं. मी बाहेरून ऐकत होते. पाठ वरून खाली चोळ, मांडीला जोर लाव, ऑपरेशनच्या जागेला हात लावू नको, बाळंतीण हाय समज, भाकरी थापायलीस का काय. आई इतकी ओरडत होती की आपल्याला कुणीतरी अंघोळ घालतंय, हे तिच्या गावीही नव्हतं. निदान मला तसं वाटलं. शेवटी निकाल लागला: नापास. उद्या परत.

बाई रोज नापास होऊ लागली. शेजारणी चौकशीला आल्या की आई सांगायची, ही शिकायला आलीया, हळूहळू जमंल, हात जड हाय जरा. बाई मान खाली घालून ऐकून घ्यायची. ती मनापासून शिकत होती की आईला खेळवत होती, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. माझं काम झालं होतं. पण आईची पाठ एका परक्या बाईला मिळाली आणि मला नाही, हे मात्र मला आत कुठंतरी डाचत होतं. नुसतं डाचत नव्हतं, मला त्या बाईचा चक्क हेवा वाटत होता.

रजेच्या शेवटच्या सकाळी मी बॅग भरत होते. न्हाणीतून आईनं हाक मारली. गेले तर बाई टॉवेल घेऊन बाजूला उभी, आणि तांब्या आईनं माझ्यापुढं धरलेला.

मी बाह्या वर केल्या आणि चांगल्या विद्यार्थिनीसारखं विचारलं, आधी पाठ की आधी डोकं.

"शिकायचं बिकायचं काई न्हाई," आई म्हणाली. "ते तिच्यासाठी हाय. तू आज जायलीस. तू नुसतं पाणी घाल."

बाई बाहेर गेली. मी तांब्या भरला, आईच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिनं तो ठेवू दिला.