कोच वॉल्टचा न झालेला सत्कार

मंडळाच्या पेजवरचा तो फोटो आधी काढा.

पहिल्या रांगेत कोट घालून बसलेले कोच वॉल्ट. खाली कॅप्शन: 'आमचे सत्कारमूर्ती. त्यांचा सत्कार करण्याचं भाग्य मंडळाला लाभलं.'

कुठला सत्कार? कधी केला?

या आठवड्यात ते गेले, पेपरात अर्धं पान आलं आणि लगेच ते सगळ्यांचे 'आपले कोच' झाले. वा रे वा!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीत, ते आमच्या समोरच्या घरात राहायचे, मुलगी मार्थाबरोबर. वय एक्क्याण्णव.

प्रो फुटबॉल, म्हणजे माणसाला धरून पाडायचा तो अमेरिकन खेळ, इथे नुकता कुठे मूळ धरत होता तेव्हा ते खेळले. हेल्मेट चामड्याचं. आठवडाभर पिठाच्या गिरणीत पोती उचलायची आणि रविवारी मॅच. नाक तीनदा मोडलं. मग एका छोट्या कॉलेजात एकतीस वर्षं कोच.

हे सगळं मला कळलं ते बाबांमुळे. त्याआधी चार वर्षं मी त्यांना नुसतं 'हाय' करत होते.

गेल्या उन्हाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले. वर्ध्याचे रिटायर्ड पीटी मास्तर, पवार सर, कबड्डी म्हणजे जीव की प्राण. बॅकयार्डमध्ये पोरांना पकड शिकवत होते, तर समोरून कोच काठी टेकत आले.

"अँकल? नॉट द वेस्ट?" त्यांनी विचारलं. घोटा धरायचा, कंबर नाही?

बाबांनी दाखवायला थेट त्यांच्याच घोट्याला हात घातला. मार्था किंचाळली. कोच हसत सुटले.

"काय बाप्पा, या मानसाले तर सारंच समजते!" बाबा म्हणाले.

मग रोज दुपारी दोघं. बाबांचं इंग्लिश मोडकं, कोचना मराठीचा गंध नाही, तरी तासन् तास भांडायचे. माणूस कमरेत धरावा की घोट्यात, एवढंच.

सत्काराची कल्पना बाबांचीच. "एवढा मोठा मानूस, अन् त्याले कोणी शाल-नारळबी नाही देल्ला?"

गणपतीच्या कार्यक्रमात पाच मिनिटं मागितली. मिळाली. पत्रिकेत नाव छापलं.

कोच शाळेच्या कॅफेटेरियात अर्धा तास आधी हजर. कोट, टाय, बूट पॉलिश केलेले. शेजारी बाबा, मांडीवर शाल-नारळाची पिशवी.

मग सहा डान्स. घरं विकणाऱ्या स्पॉन्सरचं भाषण. रॅफलची सोडत.

अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "अगं, लोकांना भूक लागलीये. त्या आजोबांचं राहू दे आता. आपल्या लोकांना त्यांचं फुटबॉल कुठे कळतंय?"

माइक होता माझ्या हातात. हो, माझ्याच.

मी म्हणाले, "चला, आता महाप्रसाद!"

सगळे प्लेट घ्यायला धावले. कोच खुर्चीतच बसून राहिले. जेवणानंतर नाव येईल, असं वाटलं असेल. स्टेजचे पडदे उतरायला लागले तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मी चुकीच्या दिवशी आलो का?"

"नो नो, कोच. प्रोग्रॅम लांबला. नेक्स्ट इयर नक्की."

एक्क्याण्णव वर्षांच्या माणसाला मी नेक्स्ट इयर सांगितलं, यार!

"आय विल बी हिअर," ते म्हणाले.

गाडीत मी बाबांना म्हटलं, त्यांच्या घरी जाऊन शाल देऊ.

"चोरावानी सत्कार करतेत का? चार मानसांत बलावलं होतं, चार मानसांतच झाला पायजे."

ऑक्टोबरात बाबा परत गेले. शाल माझ्याकडे ठेवून. मी म्हटलं दिवाळीच्या प्रोग्रॅमला बघू. मग संक्रांतीला. मग बर्फ होतं, प्रोजेक्टचं रिलीज होतं, काहीतरी होतंच.

काल अंत्यविधीला चर्चमध्ये मी ती शाल घेऊन गेले. त्यांच्या अंगावर घालावी असं मनात होतं. आत जायच्या आधी बाबांना फोन लावला.

"नको," ते म्हणाले. "शाल जित्या मानसाच्या खांद्यावर टाकतेत."

शाल गाडीतच राहिली.

आत मार्थानं मला एक कार्ड दिलं. त्याच कोटाच्या खिशात सापडलेलं. पेन्सिलनं, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं त्या दिवशीचं भाषण. मराठीत सांगते:

'कॉलेजनं टीम बंद केली तेव्हा मला पत्र पोस्टानं आलं. निरोपाचं भाषण राहून गेलं, ते आज करतो. घाबरू नका, छोटं आहे. जिंकलो त्याहून जास्त मी हरलो. पण दुखापत झालेल्या एकाही मुलाला परत मैदानात पाठवलं नाही. आणि मिस्टर पवार, घोट्याचं तुमचंच बरोबर आहे.'

एवढंच. दोन मिनिटंसुद्धा लागली नसती.

तेव्हा तो फोटो काढा. नाहीतर खाली खरं लिहा. बोलावलं, बसवून ठेवलं आणि आम्ही जेवून घेतलं. माइक कोणाकडे होता तेही लिहा, माझं नाव घालून.

'भावपूर्ण' वगैरे शब्द पेजवाल्यांनी वापरून टाकलेत. माझ्याकडे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं आहे, कोच.

दिवस बरोबर होता. तुम्ही वेळेच्या आधी आला होतात.

माफ करा. नमस्कार.