न मोजलेला गहू

सर्बियातल्या वाल्येवोच्या टपाल कार्यालयात तीस वर्षे पत्रांची वर्गवारी केलेल्या विदोसावाला इन्सुलिनच्या सुईची भीती नव्हती. आपले स्वादुपिंड अजून स्वतः थोडे इन्सुलिन बनवते की त्याने हात टेकले, एवढेच तिला सुईआधी खात्रीने जाणून घ्यायचे होते. डॉक्टर ग्रोझ्दाना यांनी ऑक्टोबरात तिला तीन महिन्यांचे पथ्य दिले. पाव, बटाटा, मक्याची भाकरी बंद, साखर एकदम उतरू नये म्हणून गोळीही निम्मी, जानेवारीत इन्सुलिन मोजणारी रक्ततपासणी.

पहिल्या महिन्यात साखर तिकडच्या मापाने चौदावरून सातवर, म्हणजे आपल्याकडच्या अडीचशेवरून सव्वाशेवर आली. नोव्हेंबरअखेर पुन्हा बारावर गेली. विदोसावाने वही पुढे सरकवली. मासा, कोबी, चीज. प्रत्येक घास वेळेसह नोंदलेला.

"यात काही चुकलेलं नाही, डॉक्टरबाई. म्हणजे स्वादुपिंडच संपलं."

"थांबा, काकू. या महिन्यात किती घरांच्या कुलसंतांच्या सणाला गेलात?"

"नऊ. पण केकला हात लावला नाही हं!"

"आणि गहू?"

विदोसावा गोंधळली. साखर-अक्रोड घालून उकडलेला, पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिलेला तो गहू! "तो कुठं खाण्यात धरतात? डबा भरून देतात, टाकायचा नसतो. मग सकाळी कॉफीबरोबर थोडा थोडा..."

"आशीर्वाद तुम्हाला, काकू. स्वादुपिंडाला नुसता गहू आणि साखर पोचते."

घरी येऊन तिने आठवून आठवून गहू तारखांपुढे भरला. दोन दिवस सोडले, तर साखर चढल्याच्या सकाळी तो होताच. त्या दोन दिवसांपुढे तिने प्रश्नचिन्ह काढले.

डिसेंबरात तिच्याच घरी संत निकोलसचा सण आला. गहू आधी घरच्या बाईने चाखायचा. विदोसावाने चमच्यावर तीन दाणे घेतले.

"चिमणी आहेस का गं?" जाऊ क्रुनिया सर्वांसमोर म्हणाली. "एका चमच्यानं काय मरतेस?"

"मरत नाही. पण मला जानेवारीत खरं उत्तर हवंय." तिने क्रूसाची खूण करून तीन दाणे गिळले आणि उरलेला गहू डब्यात भरून जावेच्याच हाती दिला.

जानेवारीत डॉक्टरांनी अहवाल दोनदा वाचला. "इन्सुलिन तयार होतंय. बेताचं, पण होतंय. सुई तूर्त नको. मात्र स्वादुपिंड सुधारलं, की नुसतं त्याच्यावरचं ओझं उतरलं, हे मी एका तपासणीवरून सांगणार नाही."

"सांगूही नका. एप्रिलात पुन्हा मोजू."

"एप्रिलात ईस्टर येतो, काकू."

"येऊ दे," विदोसावा कोट चढवत म्हणाली. "त्या सणाला गहू नसतो, उकडलेली अंडी असतात."