सड्यावरची एकेरी हाक

सडा म्हणजे अंगणात शिंपडतात तो नव्हे, बाळांनो. शाहूवाडीच्या डोंगरमाथ्यावर सपाट, उघडा खडक लांबवर पसरलेला असतो, त्यालाही सडाच म्हणतात. हा सगळा मुलूखच कधीकाळी वाहून थंड झालेल्या लाव्हाचा. डांबरी रस्ता संपला की सड्यापर्यंत जेमतेम किलोमीटरभर जीपची वाट आहे. उजवीकडे कातळ, डावीकडे दरी.

मागच्या हिवाळ्यात तुमच्या आजोबांनी तिथे जायचं काढलं. त्यांच्या डाव्या डोळ्याला कमी दिसू लागलं होतं. गाडी चालवणं बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं, तुमच्या बाबांनी सांगितलं. ते कुणाचं ऐकेनात.

"ही वाट चढून दावतो. न्हाय जमलं तर किल्ली तुझी," असं मला म्हणाले.

अर्ध्यावर पावसाळ्यातल्या पाण्यानं वाट पार खरवडून नेली होती. मी उतरून पुढे झाले आणि हातानं खुणावत म्हणू लागले, "अहो, येऊ द्या. जरा उजवीकडे घ्या. हं, येऊ द्या."

"पंगतीला बोलावतीयास व्हय गं? जरा जोरात सांग की!" आजोबा खिडकीतून ओरडले.

मला हसू आलं. तेवढ्यात डावं चाक कडेच्या मुरमावर गेलं आणि दोन-चार दगड दरीत घरंगळले. मी त्याच बाजूला उभी राहून दोन्ही हात हलवत होते. गाडी थांबेना.

"थांब!" मी किंचाळले. "अरे, थांब!"

जीप थांबली.

इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना 'अहो'शिवाय कधी हाक मारली नव्हती. आमचं भांडणसुद्धा 'अहो'नेच सुरू व्हायचं.

त्यांनी गाडी हळूहळू मागे घेतली, उतरले आणि चाकाची खूण बघत उभे राहिले.

"मी हात करत होते," मी म्हणाले.

"दिसलं न्हाईत."

"रागावलात?"

"रागवायचं काय त्यात? तू अरेतुरेवर आलीस, तवाच कळलं चाक कुठं गेलंय ते."

मग ते वळसा घालून गेले आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसले. किल्ली गाडीलाच होती.

मी सीट पुढे ओढली, पहिला गिअर टाकला.

"क्लच हळू सोड," एवढंच म्हणाले, आणि वर पोहोचेपर्यंत गप्प राहिले. गप्प बसणं त्यांना किती जड जातं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.